मानवत नाही म्हणजे कितला?

सुमनअक्का कोणाकडेही गेल्या की आधी उंबऱ्याबाहेर थांबतात. चपला काढत नाहीत, "आहे का कोणी घरात" असंही विचारत नाहीत. खांद्यावरच्या पिशवीतून साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी काढतात, हात लांब करून ती दाराच्या आत धरतात आणि डोळे बारीक करून तिच्याकडे बघत उभ्या राहतात. त्या डबीत एक इवलासा पंखा आहे. तो घरातली हवा आत ओढतो आणि त्या हवेत धूळ किती, धूर किती, याचा आकडा डबीवर उमटतो. आकडा हिरवा आला तर अक्का आत येतात. पिवळा आला तर "काठावर पास शे" म्हणतात आणि खिडकीजवळची खुर्ची धरतात. लाल आला तर तिथूनच मागे फिरतात. ही डबी घेऊन पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे कल्पनाने, नुकताच धूप घातला होता. "भाऊ, तुमनं घर नापास शे. उद्या येसू," असं सांगून अक्का निघून गेल्या आणि कल्पना हातातल्या धुपाटण्याकडे बघत राहिली.

अक्का आमच्या शेजारच्या. जळगावात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण माहेर-सासर दोन्ही धुळ्याकडचं, त्यामुळे बोलणं अजून अस्सल अहिराणी. प्रमाण मराठी त्या फक्त दोघांशी बोलतात, एक बँकेतला साहेब आणि दुसरे जावई. जन्मभर त्यांनी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. पुढे यजमान गेले, एकुलती एक वंदना लग्न होऊन रत्नागिरीला गेली आणि अक्का घरात एकट्या उरल्या. शाळा सुटली, मास्तरकी मात्र सुटली नाही. आता त्यांच्या वर्गात पोरींऐवजी हवा आणि पाणी बसतं, एवढाच फरक. सकाळी फाटकाशी उभ्या राहून त्या डबीकडे बघतात आणि रस्त्यावरून दुधाची पिशवी घेऊन जाणाऱ्या मला निकाल सांगतात. "आज हवानी अभ्यासच करा नही, भाऊ."

पिशवीत एकूण तीन यंत्रं असतात. डबीची ओळख झालीच. दुसरं पाण्याचं पेन. ते पाण्यात बुडवलं की पाण्यात क्षार किती विरघळलेत ते कळतं. तिसरं दिसायला टेबलावरच्या घड्याळासारखं, पण ते वेळ सांगत नाही, हवेतला ओलावा सांगतं. त्यात आकड्याशेजारी एक चेहरा उमटतो. ओलावा बेताचा असला की तो चेहरा हसतो, हवा फार कोरडी झाली किंवा फार ओली झाली की तोंड वाकडं करतो. अक्कांच्या नातीने, रेवाने, फोनवर त्याचं चित्र बघून त्याचं नाव ठेवलं हसरू. जळगावात आल्यापासून बिचारा हसरू फारसा हसलेला नाही. मे महिन्यात इथली हवा कोरडी आहे हे कळायला यंत्र लागत नाही, स्वतःचे ओठ पुरतात. पण अक्का तेव्हाही नेमाने आकडा बघत.

हळूहळू आमच्या कॉलनीची भाषाच बदलली. पूर्वी माणसं भेटली की "जेवण झालं का" विचारायची. आता अक्का दिसल्या की जो तो विचारतो, "अक्का, कितला शे?" आकडा किती आहे, असा त्याचा पूर्ण अर्थ. ज्यांना अहिराणीचं एक अक्षर येत नाही, तेसुद्धा एवढं वाक्य झोकात म्हणतात.

चोपड्याला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. अक्का आमच्याबरोबर आल्या. पंगत बसली, ग्लासात पाणी पडलं आणि मी घास उचलतो तोच शेजारी अक्कांनी पेन काढून ग्लासात बुडवलेलं. मग उठून त्या थेट जारच्या रांगेपाशी गेल्या. तिथून मांडवामागच्या नळावर गेल्या. परत आल्या त्या वाढप्यांच्या मुकादमाला बरोबर घेऊन. "हाई जारनं पानी आनि तठलं नळनं पानी सख्खा भाऊ शेतस," त्यांनी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मुलीकडचे लोक उभे राहिले. मी ताटात डोकं घातलं. आता भांडण होणार असं वाटत असताना अक्काच म्हणाल्या, "पन पास शे! चांगलं पानी शे. जारना कसाले खर्च करा?" नवरीचे काका इतके खूश झाले की त्यांनी अक्कांना आग्रहाने जिलबी वाढली. नंतर एकाने विचारलं, मग हे पाणी बिनधास्त प्यायचं ना? अक्का म्हणाल्या, "पेन क्षार मोजस, जंतू नही. जंतूकरता उकळनं पडस." आपल्या यंत्राला काय दिसत नाही हे इतक्या सरळपणे सांगणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

हे खूळ आलं कुठून, ते आता सांगायला हवं.

आमच्याकडे थंडी पडली की भरीत पार्टी होते. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात मोठी हिरवी वांगी टाकायची, साल काळी पडेपर्यंत भाजायची, मग लाकडी बडगीत ठेचून वर कांद्याची पात आणि दाणे. भडगावजवळ अक्कांच्या भावाचं शेत आहे. तिथे अशीच पार्टी होती आणि रत्नागिरीहून वंदना, जावई आणि रेवा आले होते. रेवाला दमा आहे. तोवर तो फार जोर करत नसे. काड्यांचा धूर अंगावर आला आणि पोरीचा श्वास असा अडकला की बोलता येईना, ओठ निळे पडायला लागले. तसंच गाडीत घालून दवाखाना गाठला. ती बरी झाली, चार दिवसांनी हसत-खेळत परत गेली. जावई चांगला माणूस. कोणाला दोष दिला नाही. निघताना गाडीत बॅग ठेवता ठेवता एवढंच म्हणाला, "आई, तिला इथली हवा मानवत नाही हो."

त्यानंतर ते लोक आले नाहीत.

गाडी गेली आणि अक्का तशाच आमच्या घरी आल्या. मी कॉलेजात मराठी शिकवतो, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा उपयोगाचं वाटलं असावं. "भाऊ, तुम्ही मराठी शिकाडतस ना? मंग सांगा. मानवत नही म्हंजे कितला?"

मी म्हटलं, "अक्का, मानवणं म्हणजे अंगाला लागणं, सोसणं, रुचणं. त्याला आकडा नसतो."

"आकडा नही अशी गोठ दुनियामा नही," अक्का म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात डबी आली. मग पेन, मग हसरू. पोरीच्या डॉक्टरांना फोन करून त्यांनी विचारून घेतलं, आकडा कुठपर्यंत असला तर दम्याच्या मुलीला चालतो. डॉक्टरांनी जी हद्द सांगितली ती हिरव्याची. बस, तेव्हापासून जळगावची हवा हिरवी करायची आणि नातीला परत आणायची, हे एकच गणित त्यांनी हातात घेतलं. एवढ्या मोठ्या गावाची हवा आणि साठी ओलांडलेली एक बाई! मला हसू यायचं. पण हसू फार दिवस टिकलं नाही.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घालतात. भल्या पहाटे चुली पेटतात, मोठ्या पातेल्यांत पीठ शिजतं, उजाडलं की गच्चीवर कापडं अंथरून बायका भराभर बिबडे थापतात. दुपारच्या उन्हात ते कडकडीत वाळले पाहिजेत, नाहीतर वातड होतात. एकदा अशीच सगळी तयारी झाली आणि अक्का गच्चीवर आल्या. हातात हसरू. आकाश स्वच्छ, ऊन रोजचंच. "आज नका घालू. हवा ओली व्हई राहिनी," अक्का म्हणाल्या. बाकीच्या बायका थांबल्या. कल्पना म्हणाली, "अहो अक्का, मे महिना आहे!" आणि तिने बिबडे घातले. तिसऱ्या प्रहरी सातपुड्याच्या बाजूने काळं आभाळ धावत आलं आणि वळवाच्या सरीने आमचे तेवढे बिबडे गच्चीवरच लापशी करून टाकले. मी खिडकीत उभा राहून ते बघत होतो आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. सगळ्या गावाला जे कळलं नव्हतं ते त्या वाकड्या तोंडाच्या खेळण्याला सकाळीच कळलं होतं, आणि त्याचं बोलणं समजणारी बाई आमच्या शेजारी राहत होती. कल्पनाने त्या दिवसापासून अक्कांना उलट बोलणं सोडलं.

अर्थात अक्काही चुकत. एका दुपारी डबी एकाएकी लालभडक झाली. कुठल्यातरी कारखान्यातून वायू सुटला अशी अक्कांची खात्री झाली. तोंडाला पदर बांधून, डबी समोर धरून त्या माग काढत निघाल्या. आकडा वाढला की पुढे, कमी झाला की मागे. मागून अर्धी कॉलनी चालतेय. शेवटी ही मिरवणूक येऊन थांबली ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. आत कल्पना वर्षाच्या काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजत होती. अक्का खोकल्या, डोळे पुसले, पुन्हा खोकल्या. आता बोलणी बसणार म्हणून कल्पना गॅस बंद करायला धावली. तर अक्का म्हणतात, "बंद नको करू माय. मन्ही बी एक बरनी कर."

पण बाकी बाबतीत त्यांनी कोणाला सोडलं नाही. पालापाचोळा जाळायचा नाही, खड्ड्यात पुरायचा. रस्ता झाडण्याआधी पाणी मारायचं. डासांची अगरबत्ती बंद, जाळ्या लावायच्या. न ऐकणाऱ्याच्या फाटकाशी डबी घेऊन त्या मुकाट्याने उभ्या राहायच्या. गणिताच्या बाई अशा उभ्या राहिल्या की भल्याभल्यांना जुनं काहीतरी आठवत असावं. माणसं ऐकायची.

यंदा पावसाळा संपल्यावर आकडा बरेच दिवस हिरवा राहिला. अक्का रोज संध्याकाळी रत्नागिरीला फोन करून तो कळवत. रेवाला आकड्यात रस नसे. ती विचारायची, "आजी, हसरू हसतोय का?" आणि जावयाने एक दिवस आपणहून म्हटलं, "आई, नाताळच्या सुट्टीत येतो. मला तेवढीच रजा आहे. फक्त निघायच्या आदल्या दिवशी आकडा सांगा."

अक्कांनी घर डोक्यावर घेतलं. मागची खोली रेवाची ठरली. पडदे निघाले, गादीची खोळ उकळून निघाली, जमीन दोन वेळा ओल्या फडक्याने पुसली जाऊ लागली. खोलीत दोरी बांधून त्यावर ओला टॉवेल टाकला, कारण त्याने हवेत ओलावा राहतो. त्या खोलीत ठेवल्यावर हसरू खरोखरच हसायला लागला. मग अक्का घरोघर गेल्या. मागणं एकच होतं. रेवा जाईपर्यंत कॉलनीतल्या मोकळ्या जागेवर भरताचा जाळ करायचा नाही.

जळगावच्या माणसाकडे थंडीत हे मागणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्यासमोर एक आबा राहतात. भरीत पार्टीत जाळाचा मान त्यांचा. "गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणायचं?" ते कडाडले. "त्यापेक्षा मी दुधीभोपळा खाईन!" आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच आबा अक्कांच्या फाटकाशी आले आणि म्हणाले, "येऊ द्या पोरीला. वांगी कुठं पळून जात नाहीत." मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशीची सकाळ उजाडली तीच करड्या रंगाची. वारा अजिबात नाही. कॉलनीत कोणी काडी ओढली नव्हती, तरी डबी लाल. दुपार झाली तरी लाल. अक्का म्हणाल्या, "भाऊ, स्कूटर काढा." हायवे ओलांडून आम्ही शेतांकडे गेलो. कपाशी उपटून झाली होती आणि वावरा-वावरांतून काड्यांचे ढीग जळत होते. धूर वर न जाता जमिनीसरशीच पसरलेला. अक्का पहिल्या शेतकऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तो ओशाळला. "काय करू अक्का, वावर मोकळं करनं शे. हरभरा पेराले उशीर व्हई राहिना." अक्कांनी त्याला नातीचं सांगितलं. त्याने पाइप ओढून आणला आणि आपला ढीग विझवला. पण धूर काही एका वावराचा नव्हता. दूरपर्यंत ढीगच ढीग होते. अक्कांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि डबी पिशवीत टाकली.

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी अक्कांकडेच होतो. तिकडे बॅगा भरलेल्या होत्या, ते आवाजावरूनच कळत होतं. रेवाने पहिल्यांदा विचारलं, "आजी, हसरू हसतोय?" मग जावयाने फोन घेतला. "बोला आई, आकडा किती?"

मागच्या खोलीत खिडक्या बंद होत्या. तिथे डबी ठेवली असती तर हिरवा आकडा मिळाला असता. मी अक्कांना खुणा केल्या, डबीकडे बोट दाखवलं, खोलीकडे बोट दाखवलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"जावईबापू," त्या स्वच्छ प्रमाण मराठीत म्हणाल्या, "येऊ नका. हवा नापास आहे."

तिकडे रेवा रडायला लागली ते मला इकडे ऐकू आलं. अक्का फोन कानाला तसाच धरून उभ्या होत्या. शेवटी तो ठेवून त्या मला म्हणाल्या, "यंत्रले खोटं बोलता येत नही. म्हनीसन तं इकत लिधं." मला माझ्या खुणांची लाज वाटली आणि या बाईपुढे आपण फार लहान आहोत असं वाटलं.

त्यानंतर दोन दिवसांनी उत्तरेकडून वारा सुटला. असा सुटला की आकाश पुसून काढल्यासारखं झालं, घराच्या गच्चीवरून सातपुड्याची रेघ दिसायला लागली. कल्पनाने गॅसवर भरीत केलं आणि वाटी घेऊन मला पाठवलं. अक्का मागच्या खोलीत रेवाच्या गादीच्या कडेला बसल्या होत्या. खिडक्या सताड उघड्या. खिडकीच्या कट्ट्यावर डबी, तांब्यात बुडवलेलं पेन आणि हसरू. डबी हिरवीगार होती. हसरू हसत होता. मी रोजचंच विचारलं.

"अक्का, कितला शे?"

"बठ्ठं पास शे," अक्का म्हणाल्या. हवा पास, पाणी पास, ओलावा पास, असं त्यांनी एकेका यंत्राकडे बोट करून सांगितलं. मग बोट मांडीवर ठेवलं. "पन मले मानवत नही, भाऊ."

मी वाटी त्यांच्या हातात दिली आणि शेजारी बसून राहिलो. त्यांनी एक घास खाल्ला, "गॅसवरनं शे," म्हणाल्या, आणि डोळे पुसत सगळं संपवलं.

वाटी परत घेताना माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, जावयांची रजा सरली, त्यांना आता येता येत नाही, तर तुम्ही जा ना तिकडे. रेवाची सुट्टी अजून आहे."

"मंग आठे कोन मोजी?"

"मी मोजतो."

अक्कांनी माझ्याकडे नापास होणाऱ्या पोरीकडे बघावं तसं पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी भरून आमच्या दारात उभ्या होत्या. डबी त्यांच्याबरोबर चालली होती, तिकडच्या घराची हवा तपासायला. पेन आणि हसरू माझ्या ताब्यात आले. हसरूला उन्हात ठेवायचं नाही, पेन वापरल्यावर पुसायचं, आणि दोन्ही आकडे संध्याकाळी फोनवर सांगायचे, अशी तंबी मिळाली. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत ती चालूच होती.

मी आकडे घेतो आहे. येणारे-जाणारे मला विचारतात, "सर, कितला शे?" आणि मी अक्कांसारखं डोळे बारीक करून उत्तर देतो. फाटकाशी सकाळी कोणी निकाल सांगत नाही, त्याची मात्र सवय होत नाही. तिकडून फोन येईना म्हणून शेवटी परवा संध्याकाळी मीच लावला. बऱ्याच वेळाने अक्कांनी उचलला. मागे रेवाचा दंगा चालला होता, कोणाचा तरी पाठलाग, काहीतरी पडल्याचा आवाज, आणि अक्कांना चक्क धाप लागली होती. मी आकडे सांगायला सुरुवात केली, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

मी विचारलं, "अक्का, तिकडची हवा कितली शे? मानवली का तुम्हाला?"

"कोनले माहीत, भाऊ," अक्का म्हणाल्या. "डबी आजून पिशवीमाच शे."